गोड, बदामी परफ्यूम आपल्या हवेत कसा वापरावा

मे महिना, सकाळची आठची वेळ, डोंबिवलीहून सुटलेली लोकल. नवा परफ्यूम आदल्याच दिवशी घेतला होता आणि उत्साहाच्या भरात सहा फवारे मारून निघालो होतो. दोन मानेला, दोन मनगटांना, दोन शर्टवर. मुंब्रा गेलं नाही तोच शेजारी चेपून उभे असलेले काका माझ्या बॅगेकडे बघत म्हणाले, "चिक्की नेताय का हो ऑफिसात? मस्त वास सुटलाय." डब्यात हशा पिकला. ठाण्यापर्यंत मीही हसत होतो. घाटकोपरला माझंच डोकं धरलं, आणि दुपारी जेवणाचा डबा उघडला तर भेंडीलाही व्हॅनिलाचा वास.

त्याच बाटलीतले दोन फवारे मारून डिसेंबरात पुण्याला एका रिसेप्शनला गेलो, तर तिघांनी जवळ येऊन परफ्यूमचं नाव विचारलं.

गोड आणि बदामी-काजूच्या अंगाच्या परफ्यूमचं हे असं असतं. लिंबाचा किंवा समुद्री वासाचा परफ्यूम दोन फवारे जास्त झाला तरी खपून जातो. हा खपत नाही. बाटली कोणत्या कंपनीची यापेक्षा किती मारला, कुठे मारला आणि बाहेर हवा कशी आहे, यावरच सगळं ठरतं. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक स्वतः फजिती करून घेऊन शिकलेलं आहे.

आधी हे समजून घ्या: बाटलीत बदाम नसतो

लहान बाळाला लावतात ते बदाम तेल हुंगून बघा. जवळजवळ काहीच वास येत नाही. परफ्यूममधला "बदाम" हा गोड बदामाचा नसून कडू बदामाचा वास आहे, आणि तो येतो बेंझाल्डिहाइड या रेणूमुळे. जर्दाळू खाऊन झाल्यावर आठळी फोडून आतली बी चावली असेल, तर हा वास तुमच्या ओळखीचा आहे. चेरी आणि पीचच्या बियांतही तोच. म्हणून बदामी परफ्यूममध्ये अनेकांना चेरी जाणवते आणि चेरीच्या परफ्यूममध्ये बदाम. नाताळात वांद्र्याच्या बेकऱ्यांत मिळणारं मार्झिपॅन आठवा, बरोबर तोच सूर. आजकाल हा रेणू बहुतेक प्रयोगशाळेतच तयार होतो.

दुसरा आधारस्तंभ टोंका. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, व्हेनेझुएला-ब्राझीलकडे वाढणाऱ्या डिप्टेरिक्स ओडोराटा या झाडाची ही बी. दिसायला काळी, लांबट, वाळून सुरकुतलेली. तिच्यातला मुख्य रेणू कुमारिन. त्याचा वास एका शब्दात पकडता येत नाही. वाळत घातलेलं गवत, थोडा बदाम, थोडी व्हॅनिला, मागे दालचिनीची झाक. दालचिनी उगाच आठवत नाही, कारण बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत कुमारिन असतंच. टोंकातून ते १८२० साली वेगळं काढलं गेलं, १८६८ मध्ये विल्यम पर्किनने प्रयोगशाळेत बनवलं आणि १८८२ मध्ये पॉल पार्के याने ऊबिगां या फ्रेंच घराण्यासाठी "फूजेर रॉयाल" हा परफ्यूम त्याच्यावर बेतला. लॅव्हेंडर, ओकवरचं शेवाळ आणि कुमारिन हे त्यातलं त्रिकूट पुढे पुरुषांच्या परफ्यूमचा पायाच झालं. सलूनमध्ये दाढी झाल्यावर येणारा तो "न्हाव्याचा वास" याच कुळातला. तेव्हा "गोड वास बायकांचा" असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की तुझ्या आजोबांच्या आफ्टरशेव्हमध्येही गोडवा होताच, फक्त लपलेला होता.

तो उघडपणे पुढे आला १९९० च्या दशकात. १९९२ साली ऑलिव्हिए क्रेस्प या परफ्यूम बनवणाऱ्याने टिएरी म्युगलेर या फ्रेंच फॅशन घराण्यासाठी "एंजल" केला. बायकांसाठीचा तो परफ्यूम इथिल माल्टॉल या रेणूच्या जोरावर उभा होता. इथिल माल्टॉल म्हणजे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा, करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा वास. फ्रेंचमध्ये अशा खाऊच्या वासांना गूर्मां म्हणतात, म्हणजे खवय्या. मग पुरुषांची पाळी आली. १९९५ मध्ये फ्रान्सिस कुर्कजियानचा "ले माल" (पुदिना, लॅव्हेंडर आणि भरपूर व्हॅनिला), १९९६ मध्ये जाक ह्युक्लिएचा "ए-मेन" (कॉफी, कॅरामल आणि पॅचुली, म्हणजे मातकट वासाचं एक पान), १९९८ मध्ये अल्बेर्तो मोरियासचा जिव्हांशीसाठी केलेला "पाय" (बदाम, व्हॅनिला, टोंका). गेरलां या फ्रेंच परफ्यूम घराण्याचा "ल'ओम इदेआल" २०१४ मध्ये आला. टिएरी वासेरने त्यात कडू बदाम आणि टोंका सरळ दर्शनी भागात आणून ठेवले. या लेखात उदाहरण म्हणून मी बहुतेक त्याच्या ओ द पार्फम, म्हणजे दाट अर्काच्या, आवृत्तीकडे बघतोय, कारण तीच मी सर्वांत जास्त वापरली आहे.

राहिला भाजका वास. शेंगदाणे, तीळ, कॉफी, कोको भाजताना जो खमंगपणा येतो त्यात पायरझीन नावाच्या रेणूंचा मोठा वाटा असतो. ते इतके तीव्र असतात की परफ्यूममध्ये कणभरच घालतात. आणि एक गंमत: मेथीचा ओळखीचा वास ज्या सोटोलोन रेणूचा, तोच उसाच्या कच्च्या साखरेतही सापडतो. अगदी थोडा असला तर काकवीसारखा, जास्त झाला तर सरळ मेथी. मेथीच्या लाडवात गूळ का शोभतो ते मला हे वाचल्यावर कळलं. पण याच कारणाने काही कॅरामल-अक्रोडाचे परफ्यूम घामेजल्या अंगावर अचानक मसाल्याच्या डब्यासारखे वाटू लागतात. तुमच्या नाकात दोष नाही.

दुकानात: कागदावर निवडा, हातावर ठरवा

एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका. कागदी पट्टीवर फवारा मारा, मागे नाव लिहा, अर्धा मिनिट थांबा आणि मग हुंगा. पहिला भपका अल्कोहोलचा असतो, त्यावरून मत बनवू नका.

काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, "नाक साफ करायला". या प्रकारासाठी त्या बिलकुल वापरू नका. भाजक्या कॉफीत तेच भाजके रेणू ठासून भरलेले, आणि तुम्ही शोधताय भाजक्या काजूची बारीक छटा. म्हणजे ठेचा खाऊन श्रीखंडाची चव बघण्यासारखं. त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावा, किंवा दोन मिनिटं बाहेर जाऊन या.

पट्टीवर जो आवडला तो एकच परफ्यूम हातावर घ्या. मनगटावर नको, कारण तिथे घड्याळाचा पट्टा असतो आणि हात धुताना तो निघून जातो. कोपराच्या आत घ्या. आणि मग दुकानातून बाहेर पडा. विक्रेता म्हणेल, "साहेब, आज ऑफर आहे." ऑफर उद्याही असते. गोड परफ्यूम अंगावर निदान पाच-सहा तास बघितल्याशिवाय घेऊ नये, कारण पहिल्या वीस मिनिटांत दुकानाच्या एसीत सगळेच गोड वास छान वाटतात.

बाटलीवरच्या फ्रेंच शब्दांचा ढोबळ अर्थ असा: ओ द तॉयलेतमध्ये सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के, ओ द पार्फममध्ये १५ ते २० च्या आसपास, नुसतं "पार्फम" किंवा "एक्स्त्रे" लिहिलं असेल तर त्याहून जास्त. पण ही काही पाणी घातलेल्या आणि न घातलेल्या दुधाची गोष्ट नव्हे. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची कृतीच बऱ्याचदा वेगळी असते. माझ्या नाकाला ल'ओम इदेआलची ओ द तॉयलेत हलकी आणि लिंबूवर्गी सुरुवातीची वाटते, ओ द पार्फम दाट आणि चामड्याकडे झुकणारी. एक आवडली म्हणून दुसरी डोळे मिटून घेऊ नका.

मोठी बाटली घेण्याआधी ५ किंवा १० मिलीची कुपी घ्या. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे ५ मिलीत पन्नासेक फवारे. रोज दोन धरले तर पंचवीस दिवस. तेवढ्यात परफ्यूमचा स्वभाव कळतो. मात्र कुपी कोणाकडून घेताय ते बघा. मी एकदा ऑनलाइन स्वस्तात घेतलेली कुपी पहिली वीस मिनिटं हुबेहूब होती, त्यानंतर नुसतं साखरेचं पाणी. नकली माल ओळखायची खूण तीच: सुरुवात जमवतात, शेवट जमवता येत नाही.

ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी कोपराच्या आत एक ठिपका लावून चोवीस तास थांबावं. कुमारिनमुळे काहींना त्वचेची ॲलर्जी होते. युरोपात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर खोक्यावर छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे बारीक अक्षरात सापडेल. सुकामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही घटक वाचावेत आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं. "वास कृत्रिमच असतो" एवढ्यावर विसंबू नये.

अंगावर एक दिवस: काय होतं, कधी होतं

समजा, थंडीतली सकाळ आहे, आंघोळ झाली आहे आणि छातीवर एक, मानेच्या मागे एक असे दोन फवारे मारले आहेत.

पहिली दहा-पंधरा मिनिटं कडू बदाम. तीक्ष्ण, थोडा औषधी. काहींना खोकल्याच्या औषधाची आठवण होते, काहींना बुटाच्या पॉलिशची. घाबरू नका. बेंझाल्डिहाइडचा रेणू हलका असतो (रेणुभार १०६), तो आधी उडतो आणि उडताना आरडाओरडा करतो. परफ्यूम आवडला नाही असं ठरवण्याची चूक बहुतेक लोक याच वेळी करतात.

अर्ध्या तासानंतर टोक बोथट होतं. बदाम आता दळलेला, पिठीसाखरेत मिसळलेला वाटतो. इथे बहुधा हेलिओट्रोपिन मदतीला आलेला असतो. बदाम आणि व्हॅनिला यांच्या मधला हा भुकटीसारखा मऊ वास. बदाम स्वतः टिकत नाही, म्हणून परफ्यूम करणारे त्याच्या हातातली मशाल हेलिओट्रोपिनकडे देतात. या टप्प्यावर मला बदामाच्या वड्या थापून ताटात निवत ठेवलेल्या असतात तो वास येतो. शेजारच्याला वेगळं काही येईल. वासाच्या बाबतीत आठवणी कोणाच्या कोणाला लागत नाहीत.

दोन तासांनी खरा परफ्यूम सुरू होतो. टोंका, व्हॅनिला, आणि यांना आवर घालणारं काहीतरी: चामडं, देवदार, खस, पॅचुली. हे "आवर घालणारं" फार महत्त्वाचं. ते कमी पडलं की परफ्यूम खीर होतो. आमच्या आजीने मला एकदा दारातच थांबवून विचारलं होतं, "अरे, तू दूध सांडलंस का अंगावर?" तो परफ्यूम मी नंतर मित्राला देऊन टाकला. निवडताना हाच टप्पा तपासा. गोडव्याच्या पाठीमागे लाकूड किंवा चामडं ऐकू येतंय का? पुरणपोळीत जायफळ जे करतं तेच काम इथे ती मंडळी करतात.

पाच-सहा तासांनी तुम्हाला वाटेल की वास गेला. तो गेलेला नसतो, तुमचं नाक त्याला सरावलेलं असतं. स्वयंपाकघरात असलेल्याला फोडणीचा वास येत नाही आणि जिन्यात आलेल्याला येतो, तसंच. व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा, रेणू जड आहे (रेणुभार १५२) आणि सावकाश उडतो, त्यामुळे लोकांना तुम्ही संध्याकाळीही गोडच वाटत असता. दुपारी तीन वाजता "परत दोन फवारे" मारण्याची इच्छा होईल, ती आवरा. खात्री हवी असेल तर बाहेर एक चक्कर मारून या आणि शर्टाच्या कॉलरमध्ये नाक घाला.

हवा बघून मात्रा ठरवा

उष्णतेने रेणू जास्त वेगाने उडतात. थंडीत जे दिवसभर हळूहळू सुटायचं ते मे महिन्यात तासाभरात एकदम बाहेर पडतं. एरवी त्वचेवर बसून राहणारे जड, गोड रेणूही उठून उभे राहतात. त्यात मुंबई-कोकण-गोव्याचा दमटपणा आणि घाम मिसळला की गोडवा चिकट होतो. उष्ण-दमट दिवशी बाहेर हिंडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हा परफ्यूम लावूच नका. खस किंवा लिंबू लावा. अगदीच मोह झाला तर एकच फवारा, बनियनच्या आत, पोटाजवळ, आणि तोही सूर्य मावळल्यावर.

विदर्भ-मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा वेगळा. तिथे चिकटपणा होत नाही, पण परफ्यूम फुफाट्यावर पडलेल्या पाण्यासारखा उडून जातो. आधी प्रचंड भपका, मग काहीच नाही. दुपारी लावण्यात अर्थ नाही. रात्री गच्चीवर गप्पा मारताना एक फवारा चालेल.

पावसाळ्यात अडचण वासाची नसते, कपड्यांची असते. नीट न वाळलेल्या शर्टाचा कुबट वास आणि व्हॅनिला हे मिश्रण फार वाईट. शर्ट इस्त्री करून कडक वाळलेला असेल तर मात्र पावसाळी संध्याकाळी एक फवारा बदाम-टोंका म्हणजे चैन आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. पुणे, नाशिक, महाबळेश्वर, नागपूरची पहाटेची थंडी यात दोन ते तीन फवारे बिनधास्त. मुंबईत जानेवारीतही दोनवर थांबा, कारण दुपारी बाराला तिथे पुन्हा ऊन तापतं. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या घरी तिळगूळ घ्यायला जाताना हा वास इतका जुळून येतो की कोणाला तो परफ्यूम आहे असं वाटतही नाही.

शिकागो, टोरांटो, लंडनकडे असलेल्यांना हे सगळं वाचून हसू येईल. त्यांच्याकडे चार महिने याच परफ्यूमचे. त्यांनी फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. हीटरने त्वचा कोरडी पडते आणि परफ्यूम टिकत नाही, म्हणून आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर. आणि लोकरी मफलरवर मारलेला फवारा आठवडाभर जात नाही, म्हणून मफलर वाचवा. आखातात राहणाऱ्यांची तऱ्हा तिसरीच: बाहेर भट्टी, आत कडक एसी. तिथे गोड वास आणि ऊद (म्हणजे अगरू) एकत्र वापरायची जुनी सवय आहे, आणि लताफासारख्या युएईतल्या कंपन्यांनी खजूर-दालचिनी-प्रालिनच्या (प्रालिन म्हणजे साखरेत घोळवलेला सुकामेवा) "खमराह"सारखे परफ्यूम तिथूनच जगभर नेले. पण तेही खुल्या उन्हात घालायचे नाहीतच.

कुठे मारायचा, आणि अंगाची तयारी

आंघोळ बिनवासाच्या किंवा अगदी सौम्य वासाच्या साबणाने. चंदनाचा साबण चालतो, कडुनिंबाचा नाही, आणि लिंबाच्या वासाचा तर अजिबात नाही. त्यावर बदाम आला की भांडी घासायच्या वड्यांची आठवण होते. डिओ बिनवासाचा घ्या. टाल्कम पावडर टाळा, कारण टोंकाला स्वतःचा पावडरीसारखा पोत असतो, त्यावर अजून पावडर म्हणजे पिठलं. डोक्याला खोबरेल असेल तर फार अडचण नाही, नारळ आणि बदाम एकमेकांचे शेजारी आहेत. पण थंड तेलाचा कापूर-मेंथॉल आणि हा परफ्यूम यांचं वैर आहे.

अंग कोरडं करा. त्वचा रुक्ष असेल तर जिथे फवारा मारणार तिथे बिनवासाचं क्रीम किंवा किंचित पेट्रोलियम जेली चोळा. मग वीतभर अंतरावरून:

छातीच्या मधोमध एक फवारा, बनियन आणि शर्ट घालण्याआधी. ही माझी सर्वांत आवडती जागा. अंगाच्या उबेने वास सावकाश वर येतो, कापड त्याला गाळून घेतं आणि तो तुमच्याभोवती हातभर अंतरातच राहतो.

दुसरा फवारा मारायचा असेल तर मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली. तिथला वास चालताना तुमच्या मागे राहतो, तुमच्या नाकात सतत जात नाही, त्यामुळे डोकं दुखत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला मारला तर दिवसभर तुम्हीच तो हुंगत बसता. लोकलमधल्या माझ्या त्या दिवसाची अर्धी चूक हीच होती.

तिसरा फक्त थंडीत, कोपराच्या आत.

मनगटं एकमेकांवर घासू नका. हवेत फवारा मारून त्यातून चालत जाणं सिनेमात छान दिसतं, प्रत्यक्षात निम्मा परफ्यूम फरशीला लागतो. आणि दिवाळीच्या पहाटे पणत्यांजवळ उभं राहून फवारा मारू नका, बाटलीत बहुतांश अल्कोहोलच असतं.

घरच्या अत्तराशी जोडी लावायची तर

आपल्याकडे अत्तराचा फाया कानात ठेवायची पद्धत होती. ती आठवा आणि गोड परफ्यूमच्या जोडीला टोकाएवढं अत्तर घ्या. चंदन सगळ्यात सुरक्षित, गोडव्याला गंभीर करतं. खस माझ्या मते सर्वांत हुशार जोडी, कारण त्याला स्वतःलाच कच्च्या शेंगदाण्याची झाक असते आणि वर मातीचा थंडावा, त्यामुळे बदाम जमिनीवर येतो. हिना थंडीत, अगदी कमी. केवडा आणि मोगरा नको. केवड्याबरोबर बदाम म्हणजे थेट मिठाईचं दुकान, आणि मोगरा एकटाच राहू पाहतो. अत्तर आधी त्वचेवर लावा, पाच मिनिटं मुरू द्या, परफ्यूम दुसऱ्या जागी मारा. एकावर एक थापू नका.

कुठे नको

दवाखान्यात, आजारी माणसाला भेटायला जाताना, मुलाखतीला, विमानात आणि लांबच्या बसमध्ये नको. गरोदर बाई किंवा मायग्रेन असणारं कोणी शेजारी बसणार असेल तर नकोच. जेवणाच्या पंगतीलाही शक्यतो टाळा. उकडीच्या मोदकावर तूप सोडल्यावर जो वास येतो त्याच्या आड कृत्रिम व्हॅनिलाने येणं हा मी गुन्हा समजतो. बंद एसीच्या ऑफिसात तीच हवा फिरत राहते, तिथे छातीवरचा एक फवारा ही कमाल मर्यादा.

कपडे आणि बाटली

या परफ्यूममधलं व्हॅनिलिन काळाबरोबर तपकिरी पडतं. म्हणूनच अशा बाटल्यांतला द्रव मधाच्या रंगाचा असतो आणि वर्षभरात अजून गडद होतो. त्याला खराब झाला म्हणून फेकू नका. पण हाच रंग पांढऱ्या शर्टावर, रेशमी कुर्त्यावर, उपरण्यावर डाग सोडतो. लग्नाच्या कपड्यांवर थेट फवारा कधीच नको. मारायचाच तर कोटाच्या आतल्या गडद अस्तरावर.

बाटली खोक्यासकट कपाटात, अंधारात ठेवा. बाथरूममध्ये वाफ, खिडकीत ऊन, गाडीच्या डॅशबोर्डवर तर भट्टीच. दर हिवाळ्यात ती बाहेर काढाल तेव्हा आधी कागदावर मारून बघा. आंबूस किंवा रॉकेलसारखी सुरुवात वाटली तर परफ्यूम बिघडलेला असू शकतो. पण आधी नळीत अडकलेले दोन-तीन फवारे काढून टाका, बऱ्याचदा तेवढंच शिळं असतं. १०० मिलीच्या बाटलीत हजारभर फवारे असतात आणि आपला हंगाम चार महिन्यांचा, तोही रोज नाही. हिशेब करा, ५० मिलीची बाटलीही दोन-तीन हिवाळे पुरते.

जास्त झालाच तर

होतं. घाईत बोट दोनदा दाबलं जातं, किंवा लोकलमध्ये कळतं की आज ऊन वेगळंच आहे. पाण्याने धुऊन हा वास जात नाही, कारण हे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत. अल्कोहोलमध्ये विरघळतात. तेव्हा कापसाच्या बोळ्यावर किंवा टिश्यूवर बिनवासाचं हँड सॅनिटायझर घेऊन जिथे फवारा मारलाय तिथे ओलं असतानाच पुसा, बोळा बदला, पुन्हा पुसा. नुसतं चोळून वाळू दिलं तर रेणू तिथेच राहतात. घरी असाल तर आधी थोडं गोडं तेल लावून दोन मिनिटांनी साबणाने धुवा, तेलाबरोबर बराचसा निघतो. शर्टावर पडला असेल तर यातलं काहीच चालत नाही. त्या दिवसानंतर माझ्या ऑफिसच्या कपाटात एक इस्त्रीचा शर्ट कायम घडी करून ठेवलेला असतो.